ऋतूप्रमाणे संध्याकाळचा स्वयंपाक: एका धावपळीच्या कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाच जणांच्या एका कुटुंबाचे आहे. आई आणि वडील दोघेही पूर्ण वेळ नोकरी करतात, थोरली मुलगी बारा वर्षांची आहे, धाकटा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि वडिलांच्या आई, म्हणजे मुलांच्या आजी, त्यांच्यासोबतच राहतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत. आहारसल्ल्याच्या निमित्ताने माझा त्यांच्याशी संबंध हिवाळ्याच्या तोंडावर आला आणि तो पुढचा उन्हाळा सरेपर्यंत राहिला.

कुटुंबाची मागणी साधी होती: संध्याकाळच्या जेवणाचा आठवड्याचा तक्ता हवा होता. घरात कोणाला स्वयंपाक येत नव्हता असे नाही. आजींचा हात तर फार चांगला होता आणि वडीलही आवडीने ओट्यापाशी उभे राहत. तरीही संध्याकाळ झाली की घरात तणाव असे, आठवड्यातून काही वेळा जेवण बाहेरून येई, आणि थंडीच्या दिवसांत सगळ्यांना हवेहवेसे वाटणारे गरम, मऊ, पोटाला आधार देणारे जेवण प्रत्यक्षात क्वचितच पानात पडे. पहिल्याच भेटीत आईंनी म्हटले, "काय करायचं ते फक्त सांगा, करायला मी तयार आहे." पुढच्या सगळ्या कामाचा धागा या एका वाक्यात होता. त्यांना करण्याचा कंटाळा नव्हता. रोज ठरवण्याचा थकवा आला होता.

अडचण नेमकी कुठे होती

तक्ता करण्याआधी मी कुटुंबाला दोन आठवडे एक नोंद ठेवायला सांगितले: कोण किती वाजता घरी आले, गॅस कधी पेटला, जेवायला कधी बसले आणि मधल्या वेळात कोणी काय खाल्ले. आई साधारण सहाच्या सुमारास घरी येत आणि जेवण साडेआठला होई, पण प्रत्यक्ष स्वयंपाकाला बहुतेक दिवशी तासभरही लागत नव्हता. उरलेला वेळ फ्रीज उघडून उभे राहण्यात, कालचे कोणाला चालेल हे आठवण्यात, कांदे संपल्याचे ऐन वेळी कळण्यात आणि कडधान्य भिजत घालायचे राहून गेले म्हणून बेत बदलण्यात जात होता.

याच नोंदीत आणखी एक गोष्ट दिसली. घरात भुकेच्या तीन वेगवेगळ्या वेळा होत्या. मुलांना साडेसहाला भूक लागे आणि ती बिस्किटांवर भागे, आजींना साडेसातपर्यंत जेवलेले बरे वाटे पण त्या तसे बोलून दाखवत नसत, आणि आईवडील साडेआठला खऱ्या अर्थाने भुकेले असत. धाकटा मुलगा रात्री ताटातले चिवडत बसतो अशी तक्रार होती, पण तोवर त्याची भूक बिस्किटांनी मोडलेली असे. ज्या मुलाला आपण 'खात नाही' म्हणतो, त्याने आधीच्या दोन तासांत काय खाल्ले हे पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवू नये, असे मला फार मनापासून वाटते.

वडिलांच्या मदतीचेही असेच होते. ते स्वयंपाकाला तयार असत, पण त्यांची मदत नेहमी "काय करू?" या प्रश्नाने सुरू होई. भाजी ते चिरत, पण कोणती, किती आणि कशासाठी हे आईंनाच ठरवावे लागे. हाताचे काम वाटले गेले होते, डोक्याचे काम वाटलेले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

स्वयंपाकाला मदतनीस ठेवणे हा पहिला पर्याय होता. मदतनीस दुपारी येऊन जाणार, म्हणजे संध्याकाळी अन्न पुन्हा गरम करावे लागणार, आणि आजींना त्या वेळी स्वयंपाकघर मोकळे हवे असे, म्हणून या घरापुरता तो बाजूला पडला. ज्या घरात वेळा जुळतात तिथे तो चांगला पर्याय आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. बाहेरून मागवणे पूर्णपणे बंद करावे की नाही यावरही बोलणे झाले. ते आठवड्यातून एका ठरलेल्या दिवसापुरते ठेवावे असे ठरले, कारण थकव्यातून मागवलेले आणि ठरवून मागवलेले जेवण यांचा घरातल्या वातावरणावर अगदी वेगळा परिणाम होतो.

खरा विचार दोन पर्यायांवर झाला. एक म्हणजे रविवारी आठवडाभराचे पूर्ण पदार्थ शिजवून ठेवणे. दुसरा म्हणजे पूर्ण पदार्थ न शिजवता फक्त त्यांचा वेळखाऊ पाया तयार ठेवणे आणि शेवटचा हात रोज संध्याकाळी फिरवणे. माझा कल दुसऱ्याकडे होता, पण आईंना पहिला हवा होता, कारण त्यात आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठरवण्याचे काही उरतच नाही असे त्यांना वाटत होते. तो करून पाहणे योग्यच होते. घरच्यांनी स्वतः निवडलेली रचना मोडली तर ती का मोडली हे त्यांना नीट कळते.

पहिला प्रयत्न: रविवारचा मोठा स्वयंपाक

पहिल्या रविवारी दुपारभर ओटा चालू राहिला आणि पाच पदार्थ तयार झाले. भाज्यांचा दाट रस्सा, डाळीचे सूप, उकडलेल्या बटाट्यांचा एक पदार्थ, भात आणि राजमा असा बेत होता. पहिली अडचण त्याच संध्याकाळी आली. मोठे, खोल पातेले गरम असतानाच झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवले गेले. अशा पातेल्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये, आणि ते लवकर निवावे म्हणून उथळ डब्यांत पसरून फ्रीजमध्ये जावे, एवढे दोन नियम त्या दिवसापासून या घरात पक्के झाले.

भाताबाबत अधिक कडक निर्णय घ्यावा लागला. या घरात उरलेला भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवण्याची पद्धत होती. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही जिवंत राहतात, भात तासन् तास बाहेर राहिला की ते रुजून वाढतात, आणि त्यांतून तयार होणारे उलटी घडवणारे विष भात पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. वास किंवा चव बदललेली नसली तरी हा धोका असू शकतो. तांदूळ धुऊन चढवले की वीसेक मिनिटे त्याकडे पाहावेही लागत नाही, तेव्हा साठवणीतून भात वगळून तो रोज ताजा करावा असे ठरले. जो पदार्थ कमी कष्टात ताजा होतो तो साठवण्याचा आग्रह धरू नये, हा विचार पुढच्या रचनेत फार उपयोगी पडला.

बाकीच्या पदार्थांचे बुधवारपर्यंत बरे चालले. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या रश्श्यातले बटाट्याचे तुकडे मात्र बाहेर काढल्यावर पाणी सुटून रवाळ झाले होते, तीन दिवस टोमॅटोच्या आंबट रसात राहिलेल्या पालेभाजीचा हिरवा रंग जाऊन ती मळकट दिसू लागली, आणि मुलीने ताटाकडे पाहून "आज पण शिळंच?" असे विचारले. आजींनी काही न बोलता स्वतःपुरती वेगळी डाळ शिजवून घेतली. आठवड्याच्या शेवटी दोन डबे टाकून द्यावे लागले. सगळ्यांत मोठे नुकसान रविवारचे होते: आईंचा विसाव्याचा एकमेव दिवस ओट्यापाशी संपत होता. काही आठवडे असे चालल्यावर त्यांनी स्वतःच ही पद्धत थांबवली.

दुसरी रचना: पाया तयार, शेवटचा हात ताजा

कोणत्या गोष्टीला वेळ लागतो आणि कोणती ताजीच चांगली लागते, याची वेगवेगळी यादी आता केली. हिवाळ्यातल्या बहुतेक पदार्थांत वेळ खाणाऱ्या गोष्टी दोनच निघाल्या: नीट परतलेला कांदा आणि शिजलेली कडधान्ये. चिरलेल्या, धुतलेल्या भाज्या ही तिसरी गोष्ट त्यांच्या जोडीला आली.

कांद्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दिलासा देणाऱ्या गरम पदार्थाची अर्धी चव तिथे ठरते. घाईच्या संध्याकाळी कांदा पाच मिनिटांत गुलाबी होतो आणि आपण पुढे जातो. पण रुंद कढईत, मंद ते मध्यम आचेवर, चिमूटभर मीठ घालून कांदा परतत ठेवला की आधी त्याचे पाणी सुटते आणि कढईतून ओला, चुरचुरता आवाज येत राहतो. पाणी आटत आले की तो आवाज बारीक होतो, कांदा कडेने चिकटू लागतो आणि तिथून पुढे खरा तपकिरी रंग चढतो. याला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो आणि तो वेळ रोज कोणाकडेच नसतो. वडिलांनी हे काम आपल्याकडे घेतले. दर पंधरवड्याला एकदा मोठी कढई भरून कांदा परतायचा, त्यात टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत आटवायचा, निवल्यावर बर्फाच्या साच्यात भरून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा, आणि गोठलेल्या वड्या सोडवून डब्यात भरायच्या. अशी वडी वितळण्याची वाट न पाहता थेट गरम पातेल्यात टाकता येते.

कडधान्यांचे काम आजींकडे गेले, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. रात्री कडधान्य भिजत घालणे, सकाळी निवांत कुकर लावणे आणि दोन-तीन दिवसांपुरते शिजलेले कडधान्य उथळ डब्यात फ्रीजमध्ये ठेवणे एवढे त्यांनी करायचे आणि कोणते कडधान्य हेही त्यांनीच ठरवायचे. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातले तर साले मऊ होतात, आणि टोमॅटो किंवा लिंबू आधी पडले तर दाणे टणक राहतात, म्हणून आंबट नेहमी दाणे शिजल्यावर, हे त्यांना अनुभवाने माहीतच होते. आईंनी याच सुमारास मंद आचेवर दिवसभर शिजवणारे विजेचे भांडे घेण्याचा विचार केला होता. त्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावी लागली. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते नष्ट होण्यासाठी भिजवलेला राजमा, भिजवणीचे पाणी टाकून देऊन, किमान 10 मिनिटे खळखळ उकळावा लागतो. अधिक सावधगिरीचा सल्ला 30 मिनिटांचा आहे. मंद आचेचे भांडे त्या तापमानाला पोहोचेलच असे नाही आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्याहूनही अधिक त्रासदायक ठरू शकतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जात असल्याने ही काळजी उरत नाही. भांडे घेण्याचा बेत मग मागे पडला.

ठरवण्याच्या कामासाठी वेगळा नियम केला. उद्या काय, हे आज रात्री जेवण आटोपल्यावर, पोट भरलेले असताना ठरवायचे आणि फ्रीजशेजारच्या पाटीवर लिहायचे. भुकेल्या आणि थकलेल्या माणसाने सहा वाजता घ्यायचा निर्णय आदल्या रात्री दोन मिनिटांत होऊ लागला. मंगळवार आणि गुरुवार वडिलांकडे आले, आणि त्या दोन दिवशी बेत, सामान आणि स्वयंपाक हे तिन्ही त्यांचेच असे स्पष्ट ठरले. पहिल्या काही वेळा त्यांनी सवयीने विचारलेच, पण आईंनी उत्तर द्यायचे टाळले. हे वाटते तितके सोपे नव्हते. एकदा बेत फसला, जेवण उशिरा झाले, तरी आईंनी मध्ये पडायचे नाही हे पाळले.

मुलांच्या साडेसहाच्या भुकेसाठी बिस्किटांऐवजी जेवणाचाच पहिला भाग पुढे आणला. चिरलेले गाजर, काकडी, मीठ-लिंबू लावलेले उकडलेले हरभरे किंवा छोटी वाटी सूप असे काही मुलगी टेबलावर मांडू लागली आणि आजीही त्या वेळी त्यांच्यासोबत बसू लागल्या. धाकट्याच्या बाबतीत, पालकांनी काय, कधी आणि कुठे वाढायचे ते ठरवावे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने ठरवावे, या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेल्या विभागणीचा आधार घेतला. नवी चव मुलाला पटायला अनेकदा आठ ते पंधरा वेळा ती समोर यावी लागते, त्यामुळे त्याने भोपळा बाजूला सारला तरी तो थोडासा, काही न बोलता, पुन्हा वाढला जात राहिला.

ऋतू बदलला तेव्हा

हिवाळा संपेपर्यंत रचना उत्तम चालली आणि कुटुंबाने ती कायमची मानली. उन्हाळा चढू लागताच ती ढासळली. दाट सूप, रस्सा, गरम राजमा सगळ्यांनाच नकोसे झाले, फ्रीझरमध्ये कांद्याच्या वड्या साठून राहिल्या, सहा वाजता गॅसपाशी उभे राहणे असह्य होऊ लागले आणि पुन्हा बाहेरून मागवणे सुरू झाले. आईंना वाटले की आपलीच शिस्त सुटली. प्रत्यक्षात उष्म्यात भूक मंदावते हे शरीराचे स्वाभाविक वागणे आहे. चूक कोणाची नव्हती, पाया दुसऱ्या ऋतूचा होता.

इथे पुन्हा दोन वाटा होत्या: पूर्ण नवा तक्ता करणे, किंवा जुन्या रचनेतले काय टिकते ते पाहणे. दुसरी वाट धरली. शिजलेली कडधान्ये टिकली, कारण तीच थंड करून काकडी, कांदा, पुदिना आणि लिंबासोबत खाता येतात. परतलेला कांदा मागे पडला आणि त्याची जागा घट्ट दही, उकडलेली अंडी आणि फेटून ठेवलेल्या लिंबू-तेलाने घेतली. गॅसचे काम सकाळच्या गारव्यात सरकले. न भिजवता वीसेक मिनिटांत शिजणारी मसूर डाळ संध्याकाळच्या भातासोबत कामी आली. थंड पदार्थांची चव जिभेला फिकी लागते, म्हणून चव जेवायच्या आधी पुन्हा पाहायची आणि मीठ वाढवण्यापूर्वी आंबटपणा वाढवून पाहायचा हेही ठरले, कारण मोठ्यांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आजींच्या बाबतीत विशेष जपायची होती. दोन तासांचा नियमही बदलला: हवा 32 अंशांच्या वर गेली की अन्न बाहेर ठेवण्याची मुदत एक तासावर आणली.

एक धोका वेळीच लक्षात आला हे बरे झाले. हिवाळ्यात रोजच्या वाटीभर सुपामुळे आजींच्या पोटात आपसूक पाणी जात होते. सूप बंद झाले आणि वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावत असल्याने त्यांनी त्याची भरपाई केली नाही. त्यांना दुपारनंतर गळून गेल्यासारखे वाटू लागले होते. डॉक्टरांचा सल्ला घेतला गेला, आणि घरात साडेसहाच्या त्या पहिल्या भागात काकडी-दह्याचे पातळ थंड सूप कायमचे आले.

परिणाम

उन्हाळा सरताना पुन्हा केलेल्या नोंदीत जेवणाची वेळ बहुतेक दिवशी पावणेआठच्या आसपास आली होती आणि बाहेरचे जेवण ठरलेल्या दिवसापुरते उरले होते. टाकून द्यावे लागणारे अन्न जवळपास थांबले. धाकटा भोपळा खातो, पालेभाजी अजून खात नाही. मंगळवार-गुरुवारी वडील आता कोणाला विचारत नाहीत आणि त्यांचे काही बेत घरात आवडीचे झाले आहेत. आईंच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल रविवार परत मिळाल्याचा होता.

वेगळे काय करता आले असते

आजींशी सुरुवातीलाच स्वतंत्र बोलायला हवे होते. त्यांची लवकर जेवण्याची गरज, शिळ्याविषयीची नाराजी आणि काम करण्याची तयारी या तिन्ही गोष्टी पहिल्याच आठवड्यात समजल्या असत्या, तर रविवारचा मोठा स्वयंपाक कदाचित घडलाच नसता. घरातली वडीलधारी व्यक्ती तक्रार करत नाही याचा अर्थ तिची सोय झाली आहे असा घेतला जातो, आणि अनेक घरांत तो चुकीचा निघतो.

उन्हाळ्याची रचना उन्हाळा सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी करायला हवी होती. ऋतू अंगावर आल्यावर बदल केला तर मधल्या काळात जुन्या सवयी परत येतात आणि कुटुंबाला ते स्वतःचे अपयश वाटते. फ्रीझरमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहिणे ही बारीकशी गोष्ट पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. गोठवल्याने जिवाणू वाढायचे थांबतात, मरत नाहीत, आणि तारीख नसलेला डबा शेवटी कोणीच उघडत नाही.

वडील कामासाठी बाहेरगावी असतात त्या आठवड्यांची घडी अजून बसलेली नाही. त्यांचे दोन दिवस आपोआप आईंकडे जातात आणि पाटी कोरी राहू लागते. सध्या मुलगी त्यातला एक दिवस मसूर डाळ, भात आणि अंडी यांवर सांभाळून पाहते आहे. बेत ती ठरवते आणि गॅसपाशी आजी तिच्यासोबत उभ्या राहतात. दुसऱ्या दिवसाचे काय करायचे यावर घरात अजून बोलणे चालू आहे.